टाकीवरचा टॉवेल

आमच्या घरी माशाचा रस्सा व्हायचा असला, की शकुन वहिनी आधी बैठकीतल्या काचेच्या टाकीवर टॉवेल टाकते आणि मगच खाली बसून मासे कापायला घेते. टाकीतल्या माशांना ते दिसतं का, कळतं का, मला ठाऊक नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या सासऱ्याले कोनी तुमच्यासमोर चिरलं, त तुमाले गोड लागन का?" यात माझा सासरा कशाला आला, ते मला आजवर समजलं नाही. पण वहिनीशी वाद घालणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचा आहे.

मी राजकुमार, भोजराजदादाचा धाकटा भाऊ. दादा धानाचा व्यापारी, माझं खत-बियाण्यांचं कृषी केंद्र. सिहोऱ्याच्या थोडं अलीकडे आमचं गाव, आणि गावात आमचं एकत्र घर. माझी बायकोही याच घरात असते, पण ज्या आठवड्याची ही गोष्ट आहे त्या आठवड्यात ती माहेरच्या लग्नाला गेली होती. त्याबद्दल ती अजून देवाचे आभार मानते.

वहिनीचं माहेर बपेऱ्याचं. तिच्या लहानपणी उन्हाळ्यात विहिरी आटायच्या आणि बायका-पोरी बावनथडी नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन झिरा पाडायच्या. झिरा म्हणजे रेतीत हाताने उकरलेला खड्डा. त्यात खालून पाणी पाझरत येतं, ते गडव्याने, म्हणजे तांब्याने, उचलून गुंडात, म्हणजे घागरीत, भरायचं. एक गुंड भरेस्तोवर ऊन डोक्यावर यायचं, असं ती सांगते. दादाचं स्थळ आलं तेव्हा तिने एकच गोष्ट विचारली, घरात नळ आहे का. "तुमच्या दादाच्या तोंडाकडे म्या पाह्यलंच नाही," ती आजही दादाच्या देखत म्हणते, "नळ पाह्यला अन् हाव म्हटलं." यावर दादा पेपर वाचतो.

ही टाकी घरात आणली ती दादानेच. एका वर्षी धंदा मंदावला, म्हणून गोंदियाहून एक वास्तूवाले बोलावले. ते घरभर फिरले, दोनदा चहा प्याले आणि बैठकीच्या ईशान्य कोपऱ्यात माशांची टाकी ठेवा म्हणाले. आठ मासे सोनेरी, एक काळा. सोनेरी लक्ष्मी आणतात, काळा घरावरची नजर खातो. आणि त्यातला कुठलाही मासा मेला तर वाईट वाटून घ्यायचं नाही. घरावर येणारं संकट तो आपल्या अंगावर घेऊन गेला, असं समजायचं. दादाला हे फार पटलं. संकट आपलं आणि मरायचं दुसऱ्याने, असा सौदा त्याला मार्केटात कधी कोणी दिला नव्हता.

मग मासे मरू लागले. दादा त्यांना सकाळ-संध्याकाळ कणकेच्या गोळ्या चारायचा, दुसरं काय होणार! पण प्रत्येक माशाच्या नावावर एकेक संकट लागलं. ट्रॅक्टर नाल्यात जाता जाता राहिला, तो एक मासा. गोदामाला आग लागली नाही, तो दुसरा. म्हणजे जी आग लागलीच नाही, तिचंही श्रेय माशाला. मला कावीळ झाली, महिनाभर बिनतेलाचं, बिनतिखटाचं खाऊन मी खंगून गेलो, शेवटी बरा झालो. पाहायला येणारा प्रत्येक माणूस टाकीपुढे हात जोडून जायचा. मी तिथेच बाजूला खाटेवर पडलेलो असायचो.

वहिनीला हे मासे आधी नकोच होते. "खायचे नाही, त मासे आनायचे कायले?" असं तिचं सरळ म्हणणं. पण भुकेलेलं काही तिच्या डोळ्यांसमोर राहू शकत नाही, मग ती गाय असो की पत्ता विचारायला आलेला माणूस. एक दिवस तिने दादाच्या हातातली कणकेची वाटी काढून घेतली आणि तुमसरच्या माशांच्या दुकानवाल्या संघपालला फोन लावला. काय चारायचं, किती चारायचं, पाणी कधी बदलायचं, सगळं विचारून घेतलं. नळाचं पाणी बकेटीत दिवसभर उघडं ठेवायचं, मग टाकीतलं थोडं जुनं काढून तेवढंच नवं घालायचं, हे काम तिने देवपूजेसारखं लावून घेतलं. मासे मरायचे थांबले. काही दिवसांनी दादा माझ्या दुकानात आला आणि आजूबाजूला कोणी नाही पाहून म्हणाला, "मासे मरून नाही राह्यले गा. मंग संकटं कुठं जाऊन राह्यले असतील?"

पुढे सोनेरी मासे म्हातारपणाने एकेक करून गेले. वहिनीने नवे आणू दिले नाहीत. उरला तो काळा. डोळे बाहेर आलेले, शेपटी फाटक्या ओढणीसारखी, पोहण्यात काही राम नाही. त्याचं नाव काल्या. हे नाव रिताने ठेवलेलं. रिता म्हणजे दादा-वहिनीची एकुलती एक पोरगी, लग्न होऊन नागपूरला गेलेली. फोन केला की आधी काल्याची खबर घेणार, मग बापाची.

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट. रिताला सातवा महिना होता. मे महिन्यात तिचं बीपी वाढलं, पायांवर सूज आली, आणि जावयाने तिला नागपूरच्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे, कधीही ऑपरेशन करावं लागेल. वहिनी चांगली साडी नेसली, तिने पिशवी भरली, आणि दारात पाऊल ठेवलं तर जावयाचा फोन आला. आमच्या गावात तेव्हा कावीळ पसरली होती. ते कळल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, गावाकडचं कोणीही पेशंटजवळ नको. वहिनी साडी न बदलता पिशवी मांडीवर घेऊन ओसरीत बसून राहिली. तिला जेव म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

काविळीमुळे नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर पडत होती. इतकी, की चहाला दवाखान्याचा वास यायचा आणि वरणालाही. माणसांसाठी ते बरोबरच होतं, माझी तक्रार नाही. मला एकदा कावीळ झालेली आहे.

रिता भरती झाल्याची खबर लागली आणि मनकर्णाबाई येऊन धडकली. ही आमची आत्या, वडिलांची बहीण. दुःखाच्या घरी सगळ्यांत आधी पोचायचं आणि सगळ्यांत शेवटी निघायचं, हा तिचा नेम. आल्या आल्या तिने टाकीसमोर पाट मांडला. "रिताचं संकट घे रे बाबा," म्हणत काल्याला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, आणि शेवटी गडवाभर दूध. हे सगळं टाकीत. वहिनी तेव्हा मागच्या अंगणात जावयाशी फोनवर बोलत होती, आणि दादा हात जोडून उभा होता.

वहिनी आत आली तोवर टाकीत पिवळं ताक झालं होतं. आत्या वयाने मोठी, म्हणून वहिनी तिला काही बोलली नाही. मला बोलली. मी नुकताच दुकानातून जेवायला आलो होतो आणि मला काय झालं तेही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचा वास सुटला. काल्या वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड लावून आ-आ करत होता. सगळं पाणी काढून दुसरं घालायला हवं होतं, आणि नळाला तर पावडर, ती उडायची दिवसभर वाट पाहायला वेळ नव्हता. वहिनीने संघपालला फोन लावला. तो नेमका बालाघाटला एका वरातीत होता, मागे बँड वाजत होता.

"काकू, त्या पावडरीच्या पाण्यात टाकाल त तो संध्याकाळ नाही पाहत," संघपाल ओरडून म्हणाला. "पावडर मारायचे थेंब येतात, पन ते दुकानात, दुकान बंद, अन् चाबी माह्या खिशात."

"मंग मी काय करू?"

"नळ सोडून दुसरं पानी पाहा. विहीर, नदी, पावसाचं..."

"मे महिना आहे, बापा!"

"हाव, ते मी असंच सांगतलं," संघपाल म्हणाला.

आता दुसरं पाणी पाहायचं म्हणजे मी पाहायचं, हे कोणी ठरवलं, मला माहीत नाही. आधी मी थंड पाण्याचा कॅन आणला, लग्नात असतो तो. वहिनीने त्यात हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. "याले निमोनिया करायचा आहे का?" कॅन उन्हात ठेवला. पुन्हा संघपालला विचारलं. तो म्हणाला, त्या फिल्टरच्या पाण्यात माशाच्या कामाचं काहीच उरत नाही, पण टाकीतल्या घाणीपेक्षा बरं, दुपारपर्यंत निभेल. मग एका मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ते कोमट झालेलं पाणी घेऊन काल्याला त्यात ठेवलं, आणि टाकीतली हवेची नळी काढून गंजात सोडली. बुडबुडे यायला लागले. काल्या तळाला जाऊन बसला.

घरची विहीर होती, पण नळ आल्यावर दादाने ती बुजवून वर गोदाम बांधलं. वावरातल्या बोअरला लाईट रात्रीच्या पाळीत यायची, आणि काल्याला रात्रीपर्यंत वेळ नव्हता. मी गावच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, गेलो. बोडीत पाणी एवढंच, की म्हैस बसली तरी पाठ कोरडी राहायची. त्यात धानाच्या कोणत्या बांधीतलं कोणतं औषध उतरलेलं असतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत, सगळं मीच विकलेलं. तरी एक डबा भरून आणला. वहिनीने आधी पाणी हुंगलं, मग डबा हुंगला, मग मला विचारलं, "या डब्यात आधी काय होतं?" मी खरं सांगितलं. डबा माझ्या पायाशी येऊन पडला. दुकानातले बाकीचे रिकामे डबे आणायचा विचार मी तिथेच सोडला.

तोवर ओसरीत माणसं जमली होती. फुकटचा सल्ला द्यायला आमच्या गावात काविळीतही लोक सापडतात. कोणी म्हणे नारळपाणी घाला, कोणी म्हणे पाणी उकळून घ्या. एकाने हरिद्वारहून आणलेली गंगाजलाची सीलबंद बाटली आणून दिली. दादा म्हणाला, "तेच टाका. मेला तरी सद्गती होईल." वहिनीने बाटली देवघरात ठेवून दिली.

दुपार व्हायला आली तेव्हा बायजाबाई दारात आली. ही बपेऱ्याची, वहिनीची लहानपणची सोबतीण. आता डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासे विकते आणि आमच्या घरी आठवड्याला येते. तिला सगळं सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली, पदराने घाम पुसला.

"काय व शकुन, तू बह्याड झाली का? नदीत झिरा पाड न. लहानपनी आपन कायचं पानी पेत होतो?"

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. गुंड आणायला ती आत गेली. पितळ माशाला बाधतं, हे तिने संघपालकडून आधीच विचारून घेतलं होतं, म्हणून रिताच्या लग्नात आलेले स्टीलचे गुंड तिने काढले. ते घेऊन ती बैठकीतून येत होती आणि मधेच थांबली. मी तिच्या मागेच होतो.

गंजातले बुडबुडे बंद होते. हवेच्या पंपाची बोर्डातली पिन कोणीतरी काढून ठेवली होती. काल्या एका कुशीवर कलला होता.

"पिन कोनं काढली?" वहिनीने विचारलं.

दादा खुर्चीत बसला होता. त्याने पेपर तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता. बोलली ती आत्या. "म्याच सांगतलं भोजूले. कायले जीव काढून राह्यली व तू त्या माशासाठी? जाऊ दे त्याले. जाईल त रिताचं घेऊन जाईल. अन् आइक शकुन, याले तू वाचवला, अन् उद्या पोरीचं काही बरं-वाईट झालं, त दोष कोनाच्या डोक्यावर येईल?"

हे सकाळपासून सगळ्यांच्याच मनात होतं, बोलून दाखवलं आत्याने. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, एक मासाच तर आहे. आपल्या पोरीसाठी दादाने काहीही केलं असतं, आणि पिन काढण्यापलीकडे त्याला काही सुचलं नव्हतं.

वहिनीने गुंड खाली ठेवले. पिन बोर्डात घातली. बुडबुडे सुरू झालेले पाहिले, आणि मग ती आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुलदीपच्या वेळी असंच म्हटलं होतं तुमी," ती म्हणाली.

कुलदीप रिताच्या पाठचा. वर्षाचाही झाला नव्हता. तेव्हा दादाचा धानाचा ट्रक बालाघाटच्या रस्त्यावर उलटला आणि सगळं घर, वहिनीसुद्धा, दवाखान्यात दादाकडे धावलं. इकडे शेजारणीकडे सोडलेल्या पोराला ताप भरला. दादा वाचला, कुलदीप गेला. बापावरचं संकट लेकराने आपल्या अंगावर घेतलं, असं आत्याने गावभर सांगितलं, आणि दादा घरी आला त्या दिवशी पेढे वाटले. वहिनीला कोणी रडू दिलं नाही. जिचा नवरा मरणाच्या दारातून परत आला, तिने रडून अपशकुन करू नये म्हणाले. तेव्हापासून ते नाव आमच्या घरात कोणी काढलं नव्हतं.

"माह्यं लेकरू कोनाचं काही घेऊन नाही गेलं," वहिनी म्हणाली. "तापानं गेलं. आता या घरात कोनी कोनाच्या बदल्यात मरनार नाही. मासाही नाही मरनार. अन् रिताचं काही झालं, त दोष माह्या डोक्यावर. घ्या, घेतला म्या."

तिचा आवाज चढलेला नव्हता. वहिनीचा आवाज चढला नाही म्हणजे काय, ते घरच्यांनाच माहीत. आत्या पाटावर बसली ती बसलीच. वहिनीने गुंड उचलले आणि मला म्हणाली, "राजकुमार भाऊ, गाडी काढा."

दुकानाचा माल पोचवायचा छोटा हत्ती टेम्पो मी काढला. वहिनी पुढे माझ्या बाजूला बसली, बायजाबाई मागे गुंडांना धरून, टोपलीसकट. बावनथडीचं पात्र पांढरं पडलं होतं. रेतीवाल्यांनी जेवढी रेती मागे सोडली होती, तेवढ्यात ह्या दोघी वाकून वाकून ओल शोधत फिरल्या आणि एका जागी दोघी एकदमच थांबल्या. फावड्याने वरची रेती मी काढली, खालची त्यांनी हातांनी.

पाणी आलं, पण गढूळ. ते उपसून फेकलं. पुन्हा आलं, पुन्हा फेकलं. डोक्यावर मे महिन्याचं ऊन, पायाखाली तापलेली रेती. मी म्हटलं, "आता भरा न, केवढं फेकून राह्यले!"

"तुमच्या दुकानातली बाटली नोहे ते, झाकन काढलं अन् ओतलं," वहिनी म्हणाली. बायजाबाई फिदीफिदी हसली. माझा जीव उन्हाने जात होता आणि ह्यांना हसू येत होतं.

बायजाबाई गडवा धुवायला जरा पलीकडे गेली. वहिनी झिऱ्याच्या काठाशी बसली होती, नागपूरला जायची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. खाली पाहतच म्हणाली, "मले लय भेव वाटून राह्यला, राजकुमार भाऊ. मासा जगला अन् माही पोरगी गेली, त मी काय करू? हे लोक मले जन्मभर म्हनतील, तुनं माशाले वाचवलं अन् पोरीले मारलं."

"होईल सगळं नीट," मी म्हटलं. असं म्हणायला काही लागत नाही. पण दुसरं काय म्हणायचं तेही मला सुचेना, आणि मला रडू येत होतं, म्हणून मी फावडं घेऊन उगाच थोडी रेती ओढली.

पाणी निवळायला लागलं तेव्हा रस्त्यावर स्कूटर वाजली. दादा. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पायांमध्ये घरातला उरलेला स्टीलचा गुंड. तो रेतीतून धडपडत आला. मग पायजमा वर खोचून वहिनीसमोर बसला आणि हात पुढे केला. तिने गडवा दिला. दादाने आयुष्यात कधी घागर भरलेली नाही. त्याने गडवा असा खुपसला, की अर्धी रेतीच वर आली.

"वरचं वरचं घ्या," वहिनी म्हणाली. "तळ ढवळू नका."

दादाने वरचं वरचं घेतलं. पहिला गुंड भरत आला तेव्हा त्याच्या खिशातला फोन वाजला. जावई बोलत होता. रिताला ऑपरेशनला आत नेलं होतं. दादाने तसंच सांगितलं, फोन खिशात ठेवला आणि कोणाकडे पाहिलं नाही. वहिनीचा हात थांबला. बायजाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग वहिनीने पुन्हा गडवा बुडवला, दादानेही बुडवला. इथे बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि गुंड अजून भरायचे होते.

घरी येऊन टाकी घासली. साबण नाही, नुसतं त्याच पाण्याने. झिऱ्याचं पाणी ओतलं. काल्याच्या गंजात टाकीतलं पाणी थोडं-थोडं मिसळलं आणि मग त्याला टाकीत सोडलं, म्हणजे त्याला एकदम धक्का बसू नये. तो पहिल्यांदा नुसता तरंगला. मग शेपटी हलली. मग खाली गेला, कोपऱ्यात तोंड लावलं, वळून परत आला. आत्या हे सगळं पाटावरून पाहत होती आणि तोंडात देवाचं नाव घेत होती. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

काही वेळाने जावयाचा फोन आला. दादाने स्पीकर लावला. मुलगी झाली होती. अगदी एवढीशी, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेली. रिता ठीक होती. शुद्धीवर आल्या आल्या तिने काल्याचं पाणी बदललं का म्हणून विचारलं होतं, आणि यावर जावई थोडा नाराज वाटला.

वहिनीने दादाच्या हातातून फोन ओढून घेतला. "पेटीत गरम राह्यते न जी? हवा बरोबर जाते न? लाईट गेली त काय करतात, विचारून घ्या. अन् पेटीजवळ कोनाले दूध-बिध घेऊन जाऊ देऊ नका, डॉक्टरले विचारल्याशिवाय काहीच नाही." जावई हो-हो म्हणत राहिला. फोन ठेवला आणि वहिनी टाकीला टेकून खाली बसली, आणि खूप वेळ तिला उठता आलं नाही. दादाने स्वतः चहा करून आणला. त्यात साखर नव्हती, पण ती प्याली.

आत्याची मात्र पंचाईत झाली होती. पोरगी वाचली, नात वाचली, मासाही जिवंत. तिने बराच विचार केला आणि शेवटी विचारलंच, "मंग संकट गेलं कोनासंगं?" दुसऱ्या सकाळी ती आपल्या गावी गेली. सगळ्यांच्या आधी निघायची तिची ही पहिलीच वेळ.

पुढे पाऊस लागेपर्यंत दादा आणि वहिनी अधूनमधून स्कूटरवर नदीला जायचे आणि गुंड भरून आणायचे. काविळीची साथ सरली, पावडर कमी झाली, तरी जात होते. मी काही म्हटलं नाही. माझा छोटा हत्ती वाचत होता.

या हिवाळ्यात काल्या मेला. आजारी वगैरे नव्हता, म्हातारा झाला होता. सकाळी दादानेच पाहिलं. त्याने कोणाला हाक मारली नाही. हाताने अलगद काढलं, मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला, आणि मग आत येऊन वहिनीला सांगितलं. एवढ्या वर्षांत आमच्या घरातल्या माशाला माती मिळाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आत्याला ही खबर कोणी दिली, देव जाणे. तिचा फोन आला. दादाला ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर सुरूच असतो. "काय गा भोजू, काल्या गेला म्हनते. कोनतं संकट घेऊन गेला?"

वहिनी आत पीठ मळत होती. मी ओसरीत बूट घालत होतो. पलीकडून आत्या दोनदा "हॅलो" म्हणाली.

"कोनतंच नाही, आत्या," दादा म्हणाला. "म्हातारा झाला होता. मेला." मग म्हणाला, "कुलदीपही काही घेऊन नव्हता गेला. ताप आला होता त्याले. मी तिकडे होतो, अन् त्याले पाहाले इकडे कोनी नव्हतं. माह्यासाठी नाही गेला तो." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

आत पिठाचा आवाज थांबला. मग वहिनीचं रडणं ऐकू आलं, पदर तोंडाशी धरलेला नाही, दाबलेलं नाही, मोठ्याने, एखाद्या घरी आत्ताच कोणी गेलं असावं तसं. दादा उठून आत गेला. मी दुकान उघडायला उशीर केला.

दुपारी बायजाबाई टोपली घेऊन आली. मासे चांगले होते, वहिनीने घेतले. मग ती बैठकीत आली. टाकीत पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. तिने टॉवेल झटकला, टाकीवर चारी बाजूंनी नीट टाकला, आणि मासे कापायला बसली.